बाबांच्या हजेरीपटावरच्या लाल रेघा : इथिओपियातल्या त्या मुलांबद्दल कुणाला जाब विचारला गेला का?

मृण्मयी_के

नमस्कार. इथे आफ्रिकेत राहिलेली, तिथलं राजकारण वाचणारी मंडळी आहेत म्हणून विचारते आहे.

माझे बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. १९७५ ते १९७९ अशी चार वर्षं ते इथिओपियात विज्ञान शिकवत होते, गोजाम प्रांतात, डेब्रे मार्कोस या गावी. माझा जन्म ते परत आल्यानंतरचा. तिथल्या कॉफीबद्दल, आंबूस चवीच्या इंजेराबद्दल, थंडीत घोंगडीसारखी पांढरी शाल पांघरून उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल ते भरभरून बोलायचे. शाळेबद्दल मात्र अवाक्षर नाही. आम्हालाही कधी ते खटकलं नाही.

परवा माळ्यावरची ट्रंक उतरवली. तळाशी एक हजेरीपट निघाला. मुलांची नावं तिथल्या लिपीत आहेत आणि शेजारी बाबांनी देवनागरीत लिहून ठेवली आहेत, उच्चार चुकू नये म्हणून असणार. महिन्यांची नावंही तशीच : तिर, येकातित, मेगाबित. वर्ष लिहिलंय १९७०. बाबांच्या पासपोर्टवर पहिला शिक्का तर १९७५चा आहे! आणि मधल्या पानांपासून सात नावांवर पट्टी लावून मारलेल्या लाल रेघा. त्यातल्या एका रेघेशेजारी समासात बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलंय, 'विचारू नका असं सांगितलं.'

क्रांतीनंतर तिथे खूप माणसं मारली गेली एवढं वरवर वाचलंय. ही सात मुलं त्यातली असतील का? ज्यांनी हे केलं त्यांना कुणी न्यायालयात उभं केलं का? आणि या वहीचा आता कुणाला काही उपयोग असेल का, की जपून ठेवू फक्त?

रानवाट

ताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण क्रांती म्हटली की सुक्याबरोबर ओलंही जळतं. तिथे राजा होता, सरंजामदार होते, कुळं पिढ्यानपिढ्या राबत होती. क्रांतीनं जमीन सरंजामदारांकडून काढून घेतली हेही लक्षात घ्या. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचं उकरून त्या घरांना आज काय मिळणार?

निवृत्त_मास्तर

मृण्मयी, मी तुझ्या वडिलांच्या पिढीतला आहे. एकेरी लिहितो, चालवून घे.

आधी वर्षाचं. पटात चूक नाही. इथिओपियाचं पंचांग आपल्या इंग्रजी सालापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्यांचं नवीन वर्ष सप्टेंबरात लागतं. त्या पटावरचं १९७० म्हणजे सप्टेंबर १९७७ ते सप्टेंबर १९७८. तो आकडा वाचला आणि पुढचं वाचण्याआधीच मला कळलं. अम्हारिक भाषेत त्या काळाला 'के शिब्बिर' म्हणतात, लाल दहशत.

मी वोल्लो प्रांतात देस्से या गावी होतो, १९७३ ते १९७८. गणित शिकवायचो. मूळचा माणदेशातला. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरची माणसं खडी फोडायला जात होती, मीही गेलो आहे, सुकडी खाल्लेली आहे. त्यामुळे दुष्काळ म्हणजे काय हे मला माहीत आहे असं वाटायचं. अदिस अबाबाहून बसनं देस्सेकडे निघालो तेव्हा रस्त्याच्या कडेला माणसं बसलेली दिसली. नुसती बसलेली. आमच्याकडे दुष्काळी कामावरची माणसं मुकादमाशी भांडायची, मजुरी थकली तर मोर्चा काढायची. इथे भांडायचं कुणाशी? दुष्काळ आहे हेच बादशहाच्या सरकारनं दडवून ठेवलेलं होतं. शेवटी परदेशी टेलिव्हिजनवर ती चित्रं दिसली तेव्हा जगाला कळलं.

म्हणून १२ सप्टेंबर १९७४ला बादशहा हाइले सेलासींना राजवाड्यातून फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीत बसवून नेलं तेव्हा मला आनंद झाला होता. तो आनंद चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. मार्च १९७५मध्ये सगळी शेतजमीन सरंजामदारांच्या हातून गेली, तेव्हा शाळेच्या शिपायानं आम्हा सगळ्यांना स्वतःच्या पैशानं कॉफी पाजली होती.

रानवाट, तुम्ही लिहिलंत ते म्हणून मला लागलं. 'कसेल त्याची जमीन' ही मागणी घेऊन १९६५मध्ये अदिसच्या रस्त्यावर पहिल्यांदा उतरले ते विद्यार्थी. बारा वर्षांनी जी मुलं मारली गेली ती राजाची माणसं नव्हती, सरंजामदारांची तर नव्हतीच. त्या विद्यार्थ्यांची धाकटी भावंडं होती ती. तुम्ही ज्या सुधारणेचं कौतुक करताय ती मागणारी मुलंच मारली गेली. यात सुकं कुठलं आणि ओलं कुठलं?

सत्ता लष्करी अधिकाऱ्यांच्या एका समितीनं घेतली, तिला 'दर्ग' म्हणत. २३ नोव्हेंबर १९७४च्या रात्री त्यांनी साठ जणांना मारलं, बहुतेक जुने मंत्री आणि सरदार, त्यात दोन माजी पंतप्रधान. खटला नाही, काही नाही. रेडिओवर ऐकल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही म्हणालो, बडी माणसं होती, त्यांच्या कर्माची फळं. मीही म्हणालो. सगळ्यांत जास्त लाज मला त्या वाक्याची वाटते. खटल्याशिवाय मारणं चालतं, हे आम्ही त्या सकाळी कबूल करून बसलो.

फेब्रुवारी १९७७मध्ये मेंगिस्तू हाइले मरियमनं दर्गमधल्या प्रतिस्पर्ध्यांना संपवून सगळी सत्ता हातात घेतली. एप्रिलमध्ये अदिसच्या चौकात भरसभेत त्यानं रक्तासारख्या लाल पाण्याच्या बाटल्या फोडल्या, क्रांतीच्या शत्रूंचं काय होणार ते दाखवायला. प्रत्येक वस्तीत 'केबेले' नावाची समिती असे. घरभाडं, साखर, ओळखपत्र सगळं तिच्याकडे. आता तिच्या पहारेकऱ्यांच्या हाती बंदुका आल्या. 'नेत्सा इर्मिजा' असा शब्द निघाला, म्हणजे मोकळीक देऊन केलेली कारवाई. कुणाला विचारायला नको, कुठे लिहायला नको. सकाळी रस्त्यात प्रेतं पडलेली असायची, काहींच्या छातीवर पाटी. घरच्यांना रडायला, काळं नेसायला बंदी.

आता पटाचं. तिथे हजेरीला मुलं 'आबेत' म्हणतात, म्हणजे 'हजर'. माझ्या वर्गातला रोल नंबर १७. नाव लिहीत नाही, त्याची बहीण हयात आहे. डावखुरा होता. फळ्यावर प्रमेय लिहिताना हातानंच मागचं पुसलं जायचं, म्हणून उजव्या कोपऱ्यात वाकडा उभा राहून लिहायचा. १३ फेब्रुवारी १९७८, सोमवार. सतराला 'आबेत' आलं नाही. मी पुन्हा पुकारलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, 'येलेम.' नाही.

गुरुवारी पट ऑफिसात मागवला. मला लाल पेन दिलं. मी रेघ मारली, पट्टी लावून. त्याची आई शाळेच्या फाटकाशी उभी होती हे मला माहीत होतं आणि मी मागच्या दारानं घरी गेलो. प्रेत हवं असेल तर गोळीचे पैसे भरा, असं तिला सांगितल्याचं नंतर कळलं. त्या वर्षी अनेक घरांना हे ऐकावं लागलं.

तू लिहिलंस, 'पट्टी लावून मारलेल्या लाल रेघा'. ते वाचून मी बराच वेळ बसून होतो. तुझ्या बाबांनी निदान समासात एक ओळ लिहिली. मी तेवढंही केलं नाही.

जाब विचारला गेला का? हो, विचारला गेला. अपुरा आणि फार उशिरा. २१ मे १९९१ला मेंगिस्तू विमानात बसून झिम्बाब्वेला पळाला. आपल्याकडे त्याच रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. वर्तमानपत्रात दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे मेंगिस्तूच्या दोन ओळी मला चार दिवसांनी, रद्दीत ठेवताना दिसल्या. १९९२मध्ये नव्या सरकारनं विशेष सरकारी वकिलाचं कार्यालय नेमलं. खटले चालवणं हे एक काम, आणि काय घडलं याची पुढच्या पिढ्यांसाठी नोंद करणं हे दुसरं. दर्गनं कागद जाळले नव्हते. कुणाला मारायचं त्याचे आदेश, खाली सही, शिक्का, सगळं फायलींत लावलेलं. अर्जेंटिनाहून हाडांची ओळख पटवणारे तज्ज्ञ आले, त्यांनी सामूहिक कबरी उकरल्या. काही सांगाड्यांच्या मानेला नायलॉनची दोरी तशीच होती.

मुख्य खटला १३ डिसेंबर १९९४ला उभा राहिला, निकाल १२ डिसेंबर २००६ला. बारा वर्षं! मेंगिस्तूला वंशसंहाराबद्दल दोषी धरलं, आधी जन्मठेप, २००८मध्ये अपिलात फाशी. पण झिम्बाब्वेचे अध्यक्ष मुगाबे यांनी त्याला ताब्यात दिलं नाही. २०१७मध्ये मुगाबेंची सत्ता गेली, तरी तो झिम्बाब्वेतच राहिला. २०११मध्ये त्याच्या २३ सहकाऱ्यांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि त्याच वर्षी वीस वर्षं तुरुंगात काढलेले बरेच जण सुटले.

२०१२मध्ये मी मुलाबरोबर अदिसला गेलो. मेस्केल चौकाशेजारी लाल दहशतीच्या हुतात्म्यांचं संग्रहालय आहे. भिंतभर फोटो, शाळेच्या ओळखपत्रांवरून मोठे केलेले. काचेमागे कबरीतून निघालेले कपडे, बूट, हाडं. मी दोन तास सतरा नंबर शोधला. नव्हता. दाखवणारे गृहस्थ स्वतः त्या वेळचे कैदी. त्यांनी विचारलं, 'मेमहिर, कोणत्या वर्षीचा?' मेमहिर म्हणजे मास्तर, मी काही सांगितलंही नव्हतं त्यांना. मी म्हटलं, सत्तर, येकातित. त्यांनी नाव लिहून घेतलं.

आठ महिन्यांनी बहिणीचं पत्र आलं. मला वाटलं ती विचारेल, तुम्ही गप्प का बसलात. तिनं एकच गोष्ट विचारली होती : तो वर्गात शेवटचा हजर कोणत्या दिवशी होता? शुक्रवारी शाळेत गेला होता की नाही यावर घरात एकमत नव्हतं. आई त्याचं स्मरण करायची ती नुसत्या अंदाजानं. माझा पट शाळेतच राहिला होता. मला सोमवार आठवत होता, म्हणून मी शुक्रवार लिहिलं. खात्रीनं लिहू शकलो नाही.

मृण्मयी, तुझ्याकडे खात्री आहे. रेघांकडे बघू नकोस. रेघेखालच्या खुणा बघ. त्या सात जणांची शेवटची हजेरी कोणत्या तारखेची आहे?

ॲड_वर्धा

मास्तरांना नमस्कार. कायद्याच्या अंगानं थोडी भर घालते, कारण या खटल्यांवर आम्ही अभ्यासवर्गात बरंच भांडलो आहोत.

वंशसंहाराच्या १९४८च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, धर्म, राष्ट्र यांचं संरक्षण आहे, राजकीय गटांचं नाही. इथिओपियाच्या १९५७च्या दंडसंहितेतल्या कलम २८१मध्ये मात्र 'राजकीय गट' हा शब्द होता. म्हणजे ज्या कायद्यानं दर्ग दोषी ठरली तो बादशहाच्या काळचाच, परक्या देशानं लादलेला नाही. एका न्यायाधीशांनी यावर वेगळं मत नोंदवलं होतं. बादशहाचा मृत्यू आजारपणानं झाला असं १९७५मध्ये जाहीर केलं होतं, ते खोटं असल्याचंही याच खटल्यात पुढे आलं. त्यांचे अवशेष राजवाड्याच्या आवारात शौचालयाखाली पुरलेले सापडले होते.

पण आक्षेपही गंभीर आहेत. शेकडो संशयित आरोपपत्राशिवाय वर्षानुवर्षं डांबलेले होते, काही निकालाआधीच कोठडीत मेले. ज्यांच्यावर अत्याचाराचा आरोप आहे त्यांनाही वेळेत खटला मिळाला पाहिजे, हा हक्क गुन्हेगार कितीही मोठा असला तरी संपत नाही. दुसरं, दर्गविरोधी डाव्या पक्षाच्या शहरी टोळ्यांनीही माणसं मारली होती, केबेलेचे पदाधिकारी, विरोधी मताचे डावे. त्याचा हिशेब या कार्यालयाच्या कक्षेत आलाच नाही. आणि ज्या सरकारनं हे खटले चालवले त्याच्याच पोलिसांनी २००५च्या निवडणुकीनंतर निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. चौकशी आयोगानं १९३ मृत्यू मोजले, आणि आयोगाच्या अध्यक्षस्थानी असलेल्या न्यायाधीशांना देश सोडावा लागला. जिंकलेल्यानं हरलेल्याला विचारलेला जाब अर्धाच राहतो. २०२४च्या एप्रिलमध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं नवं संक्रमणकालीन न्यायाचं, म्हणजे मागच्या अत्याचारांचा जाब विचारण्याचं, धोरण मंजूर केलंय, उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतातल्या युद्धानंतर. त्यात सत्तेवरच्यांनाही विचारलं जातं का, ते बघायचं.

निवृत्त_मास्तर

वकीलताई, सगळं मान्य. डाव्या पक्षाच्या मुलांनी आमच्या गावात केबेलेच्या एका कारकुनाला मारलं होतं. त्याचीही मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या वडिलांबद्दल कुणीच विचारलं नाही, संग्रहालयाच्या भिंतीवरही तो नसणार.

डेन्व्हरकर

मी इथे अमेरिकेत चौदा वर्षं आहे. आमच्या शहरात इथिओपियन वस्ती मोठी. २०११मध्ये इथल्या एका माणसाला एका जुन्या कैद्यानं ओळखलं. अदिसमधल्या तुरुंगाचा तो पहारेकरी, दुसऱ्याच्या नावानं निर्वासित म्हणून आला होता, नागरिकही झाला होता. मी तेव्हा नवीन होतो, ऑफिसातला एक सहकारी सुट्टी काढून कोर्टात बसायला जायचा, त्याचा काका त्या तुरुंगात होता. ठिकठिकाणच्या माणसांनी येऊन साक्षी दिल्या. २०१४मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा मात्र नागरिकत्वासाठी खोटं बोलल्याचा! छळाचा गुन्हा लावताच आला नाही. सहकारी म्हणाला, कलम कुठलंही असो, काकाचं नाव कोर्टात मोठ्यानं वाचलं गेलं.

याआधी अटलांटात एका बाईनं आपला छळ करणाऱ्या माणसाला ती काम करायची त्याच हॉटेलात नोकरी करताना पाहिलं होतं. तिघींनी मिळून दिवाणी दावा लावला आणि १९९३मध्ये प्रत्येकीला पाच लाख डॉलरचा हुकूमनामा मिळवला. २००६मध्ये त्याला इथिओपियाला परत पाठवलं. नेदरलँड्समध्येही गोजाममधल्या एका माजी अधिकाऱ्याला २०१७मध्ये जन्मठेप झाली, २०२२मध्ये अपिलात ती कायम राहिली. मृण्मयी, तुझे बाबा गोजाममध्येच होते म्हणून मुद्दाम लिहिलं. त्या खटल्यातले आरोप डेब्रे मार्कोसच्या तुरुंगातल्या कैद्यांबद्दलचे होते.

रानवाट

मास्तर, मी घाईत लिहिलं. मागे घेतो.

मृण्मयी_के

काका, काल रात्री आई आणि मी पट घेऊन बसलो. आईनं भिंग धरलं, मी लिहून घेतलं. हजर म्हणून बाबांनी टिंब दिलंय, गैरहजर म्हणजे फुली. रेघेखाली टिंबं स्पष्ट दिसतात.

रोल नंबर ५ आणि ३१ : शेवटचं टिंब तिर १२.
११ : तिर १९.
२, १४ आणि २६ : मेगाबित १. तिघांचंही एकाच दिवशी.
३८ : मियाझिया ४. समासातली ओळ याच्याच शेजारी आहे. हिचं नाव मुलीचं वाटतं.

रेघ मारल्यानंतरही बाबांनी पाच आणि एकतीसच्या रकान्यात जून उजाडेपर्यंत रोज फुली मारली आहे. बाकीच्या पाचांच्याही. म्हणजे नाव कापलं तरी ते रोज पुकारत होते का?

निवृत्त_मास्तर

मनातल्या मनात पुकारत असणार. मोठ्यानं पुकारणं शक्य नव्हतं.

तारखा अशा : तिर १२ म्हणजे २० जानेवारी १९७८. तिर १९ म्हणजे २७ जानेवारी. मेगाबित १ म्हणजे १० मार्च. हे तिन्ही शुक्रवार. मियाझिया ४ म्हणजे १२ एप्रिल, बुधवार. अडतीसचं टिंब पुन्हा एकदा उजेडात बघ, शाई उतरून मागच्या पानाचं टिंब पुढे दिसू शकतं. घरच्यांना चुकीचा दिवस जायला नको.

अम्हारिकमध्ये अर्जाला 'आबेतुता' म्हणतात. पूर्वी दाद मागायला आलेला माणूस राजाच्या वाटेत उभा राहून 'आबेत, आबेत' ओरडायचा, त्यावरून. हजेरीचा शब्द तोच. मी पाच वर्षं रोज तो ऐकला आणि हे मला परत आल्यावर कळलं.

मूळ वही पोस्टानं पाठवू नकोस. आधी प्रत्येक पानाचा स्कॅन कर, बाबांचं देवनागरी अक्षर आणि समास कापला जाऊ देऊ नकोस. सातही नावं इथे जाहीर लिहू नकोस, मला व्यक्तिगत निरोपात पाठव. संग्रहालयातल्या त्या गृहस्थांचा पत्ता माझ्याकडे आहे. ते थकले असतील, पण त्यांची मुलगी तिथेच काम बघते. पत्र मी अम्हारिकमध्ये लिहितो, मोडकंतोडकं येतं अजून. तुझ्या बाबांचं पूर्ण नाव आणि ते कोणता विषय शिकवत ते वर घालू. सतरा नंबरच्या बहिणीनंही पहिल्या पत्रात तेच आधी विचारलं होतं, तुम्ही त्याला काय शिकवत होता.